शारीरिक वेदना : दुखणे ओळखण्यापासून योग्य उपचारापर्यंत

अंग दुखू लागले की माणूस आधी काही दिवस वाट पाहतो, मग घरातली एखादी गोळी घेतो, मग ओळखीतल्या कुणाचा तरी सल्ला ऐकतो आणि यातले काहीच लागू पडले नाही की दवाखान्याची पायरी चढतो. तिथे मात्र ‘काय होतंय?’ या पहिल्याच प्रश्नाला त्याच्याजवळ ‘खूप दुखतंय’ याखेरीज उत्तर नसते. कंबरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्यापायी मी बराच काळ निरनिराळ्या डॉक्टरांकडे आणि फिजिओथेरपिस्टकडे गेले आहे, आणि त्यातून एक गोष्ट पक्की पटली : वेदना किती आहे हे सांगण्याबरोबरच ती कशी वागते हे सांगता आले, तर निदानाला दिशा मिळते आणि नको त्या तपासण्या टळतात. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. त्यांच्यासमोर काय घेऊन जायचे आणि तिथून काय विचारून निघायचे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

१. सर्वप्रथम : थांबायला वेळ आहे का, हे ठरवा

काही दुखणी अशी असतात की त्यांची नोंद ठेवत बसू नये, सरळ तातडीच्या विभागात जावे. पुढील लक्षणे त्यांपैकी आहेत.

• छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणे, सोबत घाम, मळमळ किंवा धाप. मधुमेह असलेल्यांत, वृद्धांत आणि स्त्रियांत छातीतली वेदना सौम्य असू शकते. नुसती धाप आणि गळून गेल्यासारखे वाटणे हेही लक्षण असते.
• क्षणार्धात शिगेला पोहोचलेली, पूर्वी कधीच न झालेली डोकेदुखी. किंवा डोकेदुखीसोबत ताप आणि ताठलेली मान, बोलण्यात अडखळ, हातापायातली शक्ती जाणे.
• कंबरदुखीसोबत जांघेच्या आतल्या भागाला आणि बैठकीच्या जागेला बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, दोन्ही पाय लुळे वाटणे. इथे मणक्याच्या खालच्या टोकाशी असलेला मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो, आणि उशीर झाल्यास नुकसान कायमचे राहते.
• पोट फळीसारखे कडक होणे, हात लावू न देणे. किंवा बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजव्या बाजूला खाली सरकलेले दुखणे.
• एकाच पोटरीत सूज, ऊब आणि दुखणे, विशेषतः लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा प्लास्टर यांनंतर.
• एकच सांधा अचानक लाल, गरम आणि ताठ होणे व सोबत ताप येणे.
• वृषणात अचानक उठलेली तीव्र कळ. पीळ पडला असल्यास सुमारे ६ तासांच्या आत उपचार झाले तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यामुळे संकोचाने सकाळची वाट पाहू नये.
• गरोदरपणात पोटात जोराचे दुखणे, रक्तस्राव असो वा नसो.

तातडीचे नसले तरी काही दिवसांत दाखवावेच असेही काही आहे : कारणाशिवाय घटणारे वजन, कोणत्याही कुशीवर न थांबणारे रात्रीचे दुखणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असणे, उतारवयात पडल्यानंतर सुरू झालेली पाठदुखी. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन पुरळ उठले, तर ती नागीण असू शकते. तिच्यावरचे विषाणुरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करणे उत्तम, म्हणून ‘उष्णता असेल’ असे म्हणत दिवस घालवू नयेत.

यांपैकी काही नसेल, तर पुढच्या पायऱ्यांसाठी आपल्याजवळ वेळ आहे.

२. वेदना म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घ्या

पायाचे बोट पलंगाच्या पायाला आपटते तेव्हा आधी एक लख्ख तीक्ष्ण कळ येते आणि किंचित उशिराने मागून ठणका येतो. हे दोन वेगळे संदेश असतात. पहिला संदेश पातळ आवरण असलेल्या तंतूंतून सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने जातो. दुसरा आवरण नसलेल्या बारीक तंतूंतून सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर वेगाने जातो. आपटलेले बोट आपण आपसूक चोळतो आणि बरे वाटते, त्यालाही कारण आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदना-संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार मज्जारज्जूत एक प्रकारचे दार असते, आणि स्पर्शाचे संदेश तिथे पोहोचले की वेदनेच्या संदेशांना वाट कमी मिळते. मेंदूकडून खाली येणारे संदेशही हे दार उघडतात किंवा लोटतात. सिद्धान्ताचे तपशील पुढे बदलले, पण मूळ कल्पना टिकली.

म्हणूनच इजा आणि वेदना यांचे प्रमाण एकास एक नसते. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरांनी पाहिले की गंभीर जखमी झालेले कितीतरी सैनिक वेदनाशामक मागतही नव्हते. उलट, कापून टाकलेल्या पायाच्या बोटांत वर्षानुवर्षे कळा येणारी माणसे असतात. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येत वेदनेला ऊतींच्या प्रत्यक्ष वा संभाव्य इजेशी निगडित, किंवा तशा इजेसारखा जाणवणारा, अप्रिय संवेदनात्मक आणि भावनिक अनुभव म्हटले आहे. रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही, हे या व्याख्येतच आले. घरच्यांनाही हे एकदा सांगून ठेवावे.

डॉक्टरांच्या मनात ढोबळमानाने तीन प्रकार असतात. इजेमुळे किंवा सुजेमुळे येणारी वेदना हा पहिला, मज्जातंतूच्या बिघाडातून येणारी हा दुसरा, आणि कुठेही पुरेशी इजा न सापडता संवेदनायंत्रणाच अतिजागृत झाल्याने येणारी हा तिसरा; फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखणे आणि थकवा असलेला विकार, हे तिसऱ्याचे नेहमीचे उदाहरण. प्रत्यक्षात एकाच माणसात दोन प्रकार मिसळलेले असतात. हा भेद महत्त्वाचा, कारण पहिल्यावर चालणारी गोळी दुसऱ्यावर बहुधा फारशी चालत नाही. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या किंवा वारंवार उलटणाऱ्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात, आणि त्याच्या उपचाराची आखणी नव्या दुखण्याहून निराळी असते.

जिथे दुखते तिथेच कारण असेल, असेही नाही. पित्ताशयाचे दुखणे उजव्या खांद्यात, मुतखड्याचे जांघेत आणि कंबरेच्या मणक्याचे पोटरीत जाणवू शकते.

३. वेदनेची वही ठेवा

माझ्या मते साऱ्या खटाटोपात सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट ही आहे. दोन आठवड्यांची नोंद पुरेशी होते. प्रत्येक नोंदीत जागा, पसरण्याची दिशा, सुरू होण्याची वेळ, किती वेळ टिकले, कशाने वाढले, कशाने उतरले, कोणते काम अडले, झोप कशी लागली आणि काय औषध घेतले, एवढे असावे. एक नमुना देते :

‘सकाळी उठताना कंबर ताठ, दहा मिनिटांत सैल. दुपारी तासभर खुर्चीत बसल्यावर डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत चमक. उठून चार पावले चालल्यावर कमी. खोकल्यावर पुन्हा कळ. बसल्यावर ६, चालताना ३. गोळी घेतली नाही. झोप मोडली नाही. डाव्या पायात मोजा घालताना वाकता आले नाही.’

या सात-आठ वाक्यांत डॉक्टरांना बरेच मिळते. बसल्यावर आणि खोकल्यावर वाढणारी, एका ठरावीक वाटेने पायात उतरणारी चमक दोन मणक्यांमधल्या चकतीने मज्जातंतूचे मूळ दाबल्याचा संशय निर्माण करते. हेच दुखणे चालल्यावर वाढत असते आणि पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावर उतरत असते, तर विचार मणक्याची पोकळी अरुंद झाल्याकडे वळला असता.

शब्द नेमका निवडा. आपल्या भाषेत त्यांची वानवा नाही : ठणका, कळ, चमक, आग, सल, टोचणी, पेटका, मुंग्या, बधिरपणा, आखडणे, अवघडणे. आग, विजेसारखा झटका, मुंग्या, कपडा लागला तरी सहन न होणे, या गोष्टी मज्जातंतूकडे बोट दाखवतात. लाटेसारखी येऊन ओसरणारी कळ आतडे किंवा मूत्रवाहिनी यांसारख्या पोकळ अवयवांची असू शकते. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा आणि हालचालीने सुटणारा ताठरपणा दाहक संधिवाताची शंका आणतो, तर वापराने वाढणारे आणि विश्रांतीने उतरणारे दुखणे सांध्याच्या झिजेकडे नेते. मेलझॅक यांनी १९७५ मध्ये तयार केलेली प्रश्नावली अशाच वर्णनशब्दांच्या गटांवर उभी आहे.

तीव्रतेसाठी ० ते १० हा आकडा विचारला जातो. ० म्हणजे वेदना नाही, १० म्हणजे कल्पना करता येईल तेवढी तीव्र. इथे एक सापळा आहे : आपले म्हणणे गंभीरपणे घेतले जावे म्हणून अनेक जण दर वेळी १० सांगतात, आणि मग उपचाराने फरक पडला की नाही हे कळायला मार्गच उरत नाही. आकड्याची तुलना आपल्याच मागच्या आकड्याशी होते, शेजारच्या रुग्णाच्या आकड्याशी होत नाही. लहान मुलांसाठी चेहऱ्यांची चित्रे वापरतात. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा बोलू न शकणाऱ्या माणसाच्या बाबतीत कपाळावरच्या आठ्या, कण्हणे, अंगाला हात लावू न देणे आणि जेवण नाकारणे याच नोंदी असतात.

दुसरा सापळा दर तासाला नोंद करण्याचा. सतत लक्ष लावून बसल्याने दुखणे अधिक जाणवते. दिवसातून दोनदा लिहावे आणि वही मिटावी.

४. कोणाकडे जायचे

सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून करावी. त्यांना आपला जुना इतिहास ठाऊक असतो, आणि बहुतांश दुखणी तिथेच आटोक्यात येतात. परस्पर तज्ज्ञ गाठण्याची घाई केली, तर ज्याच्याकडे गेलो त्याच्या शास्त्राच्या चौकटीतच उत्तर शोधले जाण्याचा धोका असतो. पुढे गरजेप्रमाणे हाड-सांधे-मणक्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञ, दाहक संधिवातासाठी संधिवाततज्ज्ञ, मज्जातंतूंसाठी न्यूरॉलॉजिस्ट आणि हालचालींसाठी फिजिओथेरपिस्ट. जुनाट वेदनेसाठी वेदनातज्ज्ञ असतात. त्यांतले बरेच जण मूळचे भूलतज्ज्ञ असतात, हे पाहून नवख्या रुग्णाने गोंधळून जाऊ नये.

५. सोबत काय न्यायचे

• वेदनेची वही आणि तिच्यावरून केलेला अर्ध्या पानाचा सारांश. वही क्वचितच कुणी पूर्ण वाचते. सारांश मात्र वाचला जातो.
• चालू असलेल्या सर्व औषधांची मात्रेसह यादी, शक्यतो मूळ पाकिटांसह. दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्या, काढे, भस्मे आणि पूरके यांचाही समावेश हवा.
• पूर्वी घेतलेल्या आणि सोडलेल्या औषधांची यादी, सोडण्याच्या कारणासह.
• ॲलर्जी, पोटातला व्रण, मूत्रपिंड-यकृत-हृदयाचे विकार, रक्त पातळ करणारे औषध, गर्भधारणा यांची नोंद.
• जुने केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड. स्कॅनचा कागदी अहवाल आणि मूळ चित्रे दोन्ही न्यावीत.
• तीन प्रश्न, लिहून.

कपडे सैल घालावेत; गुडघा किंवा कंबर दाखवताना खोळंबा होत नाही. शक्य असल्यास घरचे एखादे माणूस सोबत असावे, कारण दुखत असताना ऐकलेले निम्मे बाहेर पडेपर्यंत विसरायला होते.

६. तपासणीच्या खोलीत

पहिल्या दोन मिनिटांत मुख्य तक्रार सांगावी : कुठे, केव्हापासून, काय अडते. ‘कंबर दुखते’ याऐवजी ‘तीन महिन्यांपासून वीस मिनिटांपेक्षा जास्त बसता येत नाही’ असे सांगितले तर डॉक्टरांच्या पुढच्या प्रश्नांना लगेच रोख मिळतो. दुखण्याची जागा एका बोटाने दाखवता येते की अख्खा तळहात फिरवावा लागतो, हेही त्यांना पाहायचे असते.

मग डॉक्टर पाठीवर झोपवून गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलतात, कापूस आणि टोकदार वस्तू त्वचेला लावून दोन्ही बाजूंचा फरक विचारतात, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावतात, हातोडीने प्रतिक्षिप्त क्रिया पाहतात. या वेळी वेदना लपवू नये आणि वाढवूनही दाखवू नये. ‘इथे सुरू झाली’ एवढे ठरावीक जागी सांगावे.

निघण्यापूर्वी विचारायचे तीन प्रश्न माझ्या मते असे : तुम्हाला सर्वांत जास्त शक्यता कशाची वाटते? हे उपचार लागू पडत आहेत हे किती दिवसांत कळेल? मधल्या काळात काय झाले तर लगेच यायचे?

७. स्कॅनची घाई करू नका

नव्या पाठदुखीत, पहिल्या पायरीतली धोक्याची लक्षणे नसतील तर, लगेच एमआरआय करण्याचा फायदा नसतो. कारण साधे आहे : काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या मणक्यातही बदल दिसतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३००० हून अधिक वेदनारहित व्यक्तींच्या चित्रांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या अभ्यासात चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत आढळली. अहवालातली ‘झीज’, ‘फुगवटा’, ‘दाब’ ही विशेषणे घरी वाचून अनेक जण हालचालच थांबवतात, आणि खरे नुकसान तिथून सुरू होते. आधी लक्षणे आणि तपासणी, त्यांना जुळते का ते पाहायला चित्र, हा क्रम ठेवावा. शक्ती कमी होत असेल, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल, तर स्कॅन जरूर करावा.

८. औषधे : काय विचारावे, काय टाळावे

पॅरासिटामॉल सुरक्षित समजले जाते, पण निरोगी प्रौढांसाठी त्याची २४ तासांतली कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या इतकी आहे. वजन कमी असल्यास, यकृताचा विकार किंवा नियमित मद्यपान असल्यास ही मर्यादा आणखी खाली येते. सर्दी-तापाच्या अनेक मिश्र गोळ्यांत हेच औषध असते, त्यामुळे नाव वेगळे दिसले तरी पाकिटावरचा घटक वाचावा. अतिमात्रेनंतर पहिल्या दिवशी फारसे काही जाणवत नाही, आणि तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही दाहशामके सुजेवर चांगली चालतात. जठराचा व्रण, मूत्रपिंड, रक्तदाब आणि हृदय यांच्यासाठी मात्र ती जोखमीची ठरू शकतात. यांतली दोन एकत्र घेऊ नयेत. शौच डांबरासारखे काळे झाल्यास ताबडतोब डॉक्टर गाठावा. डेंग्यूची शंका असलेल्या तापात आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धात ती टाळतात, आणि मुलांना ॲस्पिरिन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देत नाहीत.

मज्जातंतूच्या वेदनेसाठी ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन, गाबापेंटिन, प्रीगाबालिन अशी औषधे देतात. चिठ्ठीवरचे नाव शोधल्यावर ‘नैराश्य’ किंवा ‘अपस्मार’ असे वाचायला मिळते आणि रुग्ण दुखावतो : डॉक्टरांना माझे दुखणे मानसिक वाटते का? तसे नसते. ही औषधे मज्जारज्जूतल्या त्याच संदेशांवर काम करतात. मात्रा कमीपासून हळूहळू वाढवतात, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला गुंगी येते, म्हणून वाहन चालवण्याबद्दल विचारून घ्यावे आणि ती एकदम बंद करू नयेत.

ट्रामाडॉल, मॉर्फीन यांसारखी अफूवर्गीय औषधे मोठी शस्त्रक्रिया आणि कर्करोगाच्या वेदनेत मोलाची आहेत. कर्करोगाच्या रुग्णाला ‘सवय लागेल’ म्हणून ती नाकारणे अन्याय आहे. जुनाट कंबरदुखीत मात्र दीर्घकाळ त्यांचा उपयोग मर्यादित आणि धोके ठळक असतात. झोपेच्या गोळ्या किंवा मद्य यांच्यासोबत ती श्वास मंदावू शकतात. बद्धकोष्ठता होतेच, तिच्यावरचे औषध पहिल्याच दिवशी मागून घ्यावे.

डोकेदुखीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा त्याहून अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीवरच्या गोळ्या), अफूवर्गीय किंवा मिश्र गोळ्या १० किंवा त्याहून अधिक दिवस, अशा सलग तीन महिन्यांपलीकडे चालल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहते.

९. हालचाल, व्यायाम आणि कामाची वाटणी

साध्या पाठदुखीत अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. सोसेल तेवढे नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर सुधारतात. व्यायाम करताना थोडे दुखले म्हणून घाबरू नये. वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत मूळपदावर येत असेल तर तेवढा व्यायाम चालतो. नसेल तर मात्रा कमी करावी.

जुनाट दुखण्यात सर्वांत चिवट अडचण वेगळीच असते. बऱ्या दिवशी साचलेली सगळी कामे उरकायची आणि पुढचे दोन दिवस पडून राहायचे, या रहाटात माणूस अडकतो. त्यावर उपाय म्हणजे वाईट दिवशीही जमेल एवढे प्रमाण ठरवून तिथून सुरुवात करणे आणि बऱ्या दिवशीही तिथेच थांबणे. दहा मिनिटे चालणे जमत असेल तर आठवडाभर रोज दहाच मिनिटे, मग बारा. चांगल्या दिवशी थांबणे हेच अवघड जाते. ध्येय आकड्यात न ठेवता कामात ठेवावे. ‘वेदना शून्य’ यापेक्षा ‘बसून मोजा घालता येणे’ हे फिजिओथेरपिस्टला उपयोगी पडते आणि गाठताही येते.

बधिर झालेल्या भागावर गरम पिशवी ठेवू नये, त्वचा भाजली तरी कळत नाही. वेदनेसाठी समुपदेशन किंवा वर्तनोपचार सुचवला, तर तो नाकारण्यापूर्वी दुसऱ्या पायरीतले मेंदूकडून खाली येणारे संदेश आठवावेत. झोप, भीती आणि ताण यांचा थेट परिणाम तिथे होतो.

१०. फरक पडला नाही तर

ठरलेल्या मुदतीत सुधारणा नसेल, तर डॉक्टर बदलण्याआधी त्यांच्याकडेच परत जाऊन तसे सांगावे. न सांगता दुसरीकडे गेल्यास तीच औषधे नव्या नावांनी पुन्हा सुरू होतात. त्यानंतरही समाधान झाले नाही तर दुसरे मत जरूर घ्यावे, आणि ते घेताना आधीचे कागद दडवू नयेत.

इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया सुचवली गेल्यास विचारावे : यातून नेमके काय सुधारेल, पायातली चमक की कंबरेचे दुखणे? किती काळ? काहीच केले नाही तर काय होईल? चकतीमुळे पायात उतरणारे दुखणे बहुतेकांत काही आठवड्यांत ते काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना कमी होते, आणि मणक्याजवळ दिलेल्या स्टेरॉइडचा आराम बहुधा तात्पुरता असतो. त्या आरामाच्या काळात व्यायाम रुळवून घ्यायचा असतो. पायातली शक्ती दिवसेंदिवस कमी होत असेल, तर मात्र वाट पाहण्याचा हा हिशेब लागू होत नाही.

‘कायमचा इलाज’, ‘एका बैठकीत आराम’, ‘घटक गुप्त’ असे सांगणाऱ्या उपचारांपासून दूर राहावे. घटक न छापलेल्या पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत. त्यांनी पहिल्या आठवड्यात चमत्कार वाटतो. अशी पुडी काही आठवडे घेतली असेल, तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना दाखवावी, कारण स्टेरॉइड एकाएकी थांबवल्याने रक्तदाब धोकादायकपणे उतरू शकतो.